शेवटच्या कडव्यातलं नाव

आमच्या घरात पेटीला जागा होती, माणसांना नव्हती. दोन खणांचं पत्र्याचं घर. पुढच्या खणात भिंतीला एक जाड फळी ठोकलेली आणि तिच्यावर अण्णांची हार्मोनियम, मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेली. थोरल्या दोघी बहिणी नांदायला गेल्या होत्या, म्हणून घरात मी, माय आणि अण्णा. उंदीर पेटीचा भाता कुरतडतील या धाकानं अण्णांनी एक मांजर आणून ठेवलं होतं. माणसांच्या चहाला दूध नाही आणि हे मांजर कुणाच्या जिवावर पोसायचं, यावरून माय रोज सकाळी बोलायची आणि अण्णा रोज सकाळी बहिरे व्हायचे. अण्णा म्हणजे माझे वडील लिंबाजी. हंगामात सहकारी साखर कारखान्याच्या गव्हाणीवर ऊस ढकलायचं काम करायचे आणि बाकीच्या दिवसांत आमच्या वस्तीच्या गायन पार्टीचे प्रमुख असायचे. जयंती असो, लग्न असो, कुणी गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन असो, बोलावणं आलं की पेटी खांद्यावर आणि स्वारी निघाली. घरी परत आले की आधी पेटी पुसायची, मग पाय धुवायचे.

त्या वर्षांत पाऊस नुसता तोंड दाखवून जायचा. माकणीच्या धरणाचं काम जवळच चालू होतं, रोज सुरुंगाचे आवाज यायचे, पण प्यायचं पाणी आणायला मायला पार माळापलीकडच्या विहिरीवर जावं लागायचं. उसाची चिपाडं झाली, कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही, आणि हंगामी कामगारांना निरोप आला की बोलावलं की या. बोलावणं काही आलं नाही. अण्णा घरी आणि माय रोजगार हमीच्या कामावर, पाझर तलावाच्या खोदाईला. पहाटे ती चूल पेटवायची. भाकरी थापल्याचा आवाज मला झोपेत ऐकू यायचा. दोन भाकऱ्या तिच्या फडक्यात, वर शेंगदाण्याची चटणी, आणि आमच्यासाठी हुलग्याचं माडगं झाकून ठेवलेलं. त्या माडग्याचा मला इतका वीट आला होता, की आज माझी सून हौसेनं आरोग्यदायी म्हणून ते करते तेव्हा मी जेवण झालंय असं खोटं सांगते. संध्याकाळी माय परत यायची ती मातीनं माखलेली, पण गुणगुणत. तलावावर बायांची रांग लागायची, पाटी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जायची, आणि त्या ठेक्यावर मायनं एक गाणं रचलं होतं. रचलं म्हणजे काय, कागदावर नाही; तिला अक्षर येत नव्हतं. एकेका पाटीबरोबर एकेक ओळ तोंडाला येत गेली.

तळं खांदलं खोल, बाई, पाणी कुठं गेलं
माझ्या घामाचं टिपूस त्याच तळ्यात ऱ्हायलं

खोदणाऱ्या सगळ्या बाया ते गाणं म्हणायच्या. मुकादम सुरुवातीला चिडायचा, मग त्याच्या लक्षात आलं की गाणं चालू असलं की माती लवकर निघते, तेव्हापासून तोच सांगायला लागला, सोजरबाई, गाणं धरा.

पुढं मी आयुष्यभर विद्यापीठात जनसंचार शिकवला. माध्यमं, ध्वनी, लोकसंगीताचा प्रसार, असलं सगळं. आता निवृत्त होऊन गुडघे धरून बसले आहे, तरी पोरं फोन करतात: मॅडम, स्वतंत्र संगीतावर चर्चासत्र आहे, या. मी जाते. स्टेजवरची पोरं सांगतात की आता कुठल्याही कंपनीशिवाय गाणं काढता येतं, पहिल्यांदाच असं घडतंय, वगैरे वगैरे. मी मान डोलावते. खरं सांगायचं तर मला आता वाद घालायचा कंटाळा येतो. आम्हीही तेच म्हणत होतो, त्यांच्याच तोऱ्यात, आणि आमच्याजवळ तर बसायला खुर्चीसुद्धा नव्हती.

आम्ही म्हणजे मी आणि माझा चुलतभाऊ माणिक, आणि वस्तीतली चार पोरं. मी उमरग्याला कॉलेजात होते. माणिक तिथंच रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. दुकानात एका कॅसेटवरून दुसरीवर गाणी उतरवायचं यंत्र आलं आणि माणिकच्या डोक्यात किडा वळवळला. शहरातल्या कंपनीवाल्यांचे पाय धरायचे नाहीत, त्यांनी सांगितलेल्या चाली घ्यायच्या नाहीत. आपली कॅसेट आपणच काढायची, आपणच उतरवायची, आपणच एसटीनं गावोगावी पोचवायची. पोरांनी बेंजो आणला, ढोलकी घरचीच होती, हलगी होती, पेटी आणि पार्टी अण्णांची, आणि आवाज माझा. नवी गाणी आम्ही लिहिली. आज ती आठवली की मला लाजच वाटते. निम्मी क्रांती आणि निम्मी उसनवारी. अण्णा ऐकायचे आणि म्हणायचे, आडात न्हाय तर पोहऱ्यात कुठून येणार. एके दिवशी माय पाणी भरता भरता तलावाचं गाणं म्हणत होती आणि माणिक दारात थांबला. गाणं संपेपर्यंत तो हलला नाही. आत येऊन म्हणाला, काकू, ही एकच चीज आपल्याकडं आहे, बाकी सगळा पाला.

आता इथं एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडं गायन पार्टीच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. त्याला छाप म्हणतात. अमुक म्हणे, तमुक सांगे, असं. ज्या गाण्याला छाप नाही ते बेवारस, कुणीही उचलावं. आणि आणखी एक रीत अशी, की ते शेवटचं कडवं पार्टीप्रमुखानं स्वतः म्हणायचं. बाकीचं गाणं कुणीही गावो. अण्णांच्या पार्टीत प्रत्येक गाण्याला अण्णांची छाप होती, दुसऱ्या कुणी दोन ओळी जोडल्या असल्या तरी. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. त्यामुळं तलावाचं गाणं घ्यायचं ठरलं तेव्हा अण्णांनी शेवटी 'लिंबाजी म्हणे' लावून तालीमही सुरू केली. माय चुलीपुढं होती. भाकरी परतता परतता, मागं न बघता म्हणाली, "गाणं घ्या. पर शेवटाला माझं नाव घाला."

अण्णांना आधी ती गंमत वाटली. बाईची छाप कुणी ऐकलीय का, म्हणाले. पार्टी माझी तर छाप माझी. मग म्हणाले, सोजर हे नाव चालीत बसत नाही, आखूड पडतं. मायनं थापता थापताच ओळ म्हणून दाखवली, 'सो' जरा लांबवून, आणि ती अशी बसली की बेंजोवाल्या पोराचा हात आपोआप तारेवर गेला.

सोजर म्हणे, बायांनो, उचला गं पाटी
तळ्याला न्हाय पाणी, तर डोळ्याला कशासाठी

"पाटी म्या उचलली," माय म्हणाली. "लिंबाजीनं कवा उचलली? मग लिंबाजी म्हणे, कसं म्हणायचं?"

अण्णांचा आवाज चढला. बायकोचं नाव गावोगावच्या हॉटेलात वाजवायचं का, म्हणाले. आणि मग जे पोटात होतं ते ओठावर आलं. "लोक म्हणतील, लिंबाजीला बायको गाणी करून देती."

"देतीच की," माय म्हणाली.

त्यानंतर घरात अबोला. मायनं भांडण केलं नाही, रडली नाही. तिनं फक्त गाणं बंद केलं. पाणी भरताना, दळताना, तलावावर जाताना, कुठंच नाही. तलावावरच्या बाया मला विचारायला लागल्या, की तुझ्या मायला झालंय काय. तिनं आयुष्यात कधी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. लग्नात दिलेलं डोरलं माझ्या बहिणीच्या बाळंतपणात मोडलं तेव्हाही ती काही बोलली नव्हती. ही एकच गोष्ट तिनं तोंड उघडून मागितली होती, आणि मला ती मिळावी असं फार फार वाटत होतं. मी अण्णांना सांगून टाकलं, की शेवटी मायचं नाव नसेल तर मी गाणार नाही, तुमचे तुम्ही गा. अण्णा उठून विहाराच्या पायरीवर जाऊन बसले. जेवायलाही आले नाहीत. दिवस कलल्यावर आले, फळीवरची पेटी काढली, पुसली आणि म्हणाले, बरं, सोजर तर सोजर. मायनं त्यांना ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी विहिरीकडं जाताना तिचं गाणं परत ऐकू आलं.

तालमीत अण्णा खरंच मनापासून घोकत होते. पण आयुष्यभराची सवय. जीभ कधी सोजरवर यायची, कधी 'लिं' म्हणून अडखळायची आणि पोरं हसायची. अण्णाही हसायचे. अगं, हे नाव म्या लग्नापासून कधी तोंडानं घेतलंच न्हाय, तुझ्या मायला म्या अगंच म्हनतो, असं मला म्हणाले. ते खरंच होतं. आमच्याकडं नवराबायको एकमेकांचं नाव कुठं घेत होते.

रेकॉर्डिंगला जागा मिळाली ती सोसायटीच्या गोदामाची. दुष्काळात खतच उचललं जात नव्हतं, म्हणून गोदाम रिकामं होतं. जाड दगडी भिंती, युरियाचा उग्र वास आणि मधोमध आढ्याला दोरीनं बांधून लोंबकळणारा एकच माईक. आवाज घुमू नये म्हणून आम्ही भिंतींना गोणपाटं टांगली. हलगीवाला दाराजवळ, ढोलकी त्याच्या अलीकडं, मी आणि अण्णा माईकपाशी. ज्याचा आवाज मोठा तो लांब, एवढंच आमचं शास्त्र. माणिकच्या यंत्रात तुकडे जोडायची सोय नव्हती. कॅसेटची एक बाजू सुरू केली की संपेपर्यंत थांबायचं नाही, मध्ये खोकला आला तरी सगळं पहिल्यापासून. आणि वीज दुपारपर्यंतच असायची. तलावाचं गाणं आम्ही सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. माय त्या दिवशी कामावर खाडा करून आली. जयंतीला नेसायचं पांढरं लुगडं नेसून, डोकं विंचरून, भिंतीच्या गोणपाटाला टेकून बसली. तिला काही बोलायचं नाही, हलायचं नाही असं माणिकनं बजावलं होतं.

आधी दोनदा फिसकटलं. एकदा बेंजोची तार तुटली, एकदा बाहेर कुणाची तरी म्हैस हंबरली. तिसऱ्यांदा सगळं सुरळीत चाललं. माझा घसा तोवर सोलवटून निघाला होता, पण तलावाचं गाणं लागलं आणि आवाज कुठून आला देव जाणे. मी मायकडं बघत गात होते. तिचे ओठ हलत होते, आवाज न करता. शेवटचं कडवं आलं. मी मागं सरकले, अण्णा पेटीसकट पुढं झुकले, डोळे मिटले, आणि भरल्या आवाजात म्हणाले, "लिंबाजी म्हणे, बायांनो..."

कोरसनं ओळ उचललीसुद्धा. पेटी चालूच होती. अण्णांना स्वतःला काही कळलं नव्हतं. डोळे मिटून ते रंगले होते. इतकं चांगलं गाताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. गाणं संपलं तरी माणिकचा हात वरच होता, शेवटी थोडी शांतता रेकॉर्ड व्हायला पाहिजे म्हणून. त्यामुळं कुणालाच काही बोलता येईना. सगळे श्वास धरून उभे, आणि अण्णांनी डोळे उघडले तर समोर आमची तोंडं. हळूहळू त्यांना उमगत गेलं ते मी बघितलं. माणिकनं हात खाली घेतला तसे ते म्हणाले, "परत करू. सोजर, आईच्यान, मला कळलंच न्हाय." लग्नानंतर पहिल्यांदाच ते तिच्या नावानं तिला हाक मारत होते. माणिक म्हणाला, परत म्हणजे अख्खी बाजू परत. वीज जायला थोडाच वेळ उरला होता, माझ्या घशातून पाणी उतरेना, आणि संध्याकाळी गोदामाची किल्ली सेक्रेटरीला द्यायची होती. सगळे मायकडं बघायला लागले. तिनं आम्हा पोरांकडं एकदा नजर फिरवली.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "लेकरं दमली."

पदर खोचला आणि अर्ध्या दिवसाचं तरी काम मिळतंय का बघते म्हणून ती तशीच तलावावर गेली, त्या पांढऱ्या लुगड्यात.

अण्णांची जीभ खरंच सवयीनं वळली, की आत कुठंतरी त्यांना तेच हवं होतं? माझं मत दिवसागणिक बदलतं. माणूस गेल्यावर त्याच्या बाजूनं बोलावंसं वाटतं, म्हणून अलीकडं मी सवयीवर सोडून देते.

कॅसेट चालली. आम्हाला वाटलं होतं त्याहून कितीतरी चालली, पण आमच्या हातानं नाही. एकानं विकत घ्यायची आणि दहाजणांनी उतरवून घ्यायची, असा प्रकार. आमची क्रांतीची गाणी लोकांनी पुसून त्यावर दुसरं काहीबाही भरलं. तलावाचं गाणं मात्र राहिलं. अणदूरच्या जत्रेत वाजलं, जीपगाड्यांत वाजलं, ऊसतोडीला गेलेल्या टोळ्यांबरोबर घाट उतरून खाली गेलं. एकदा एसटी बंद पडली म्हणून रस्त्यात उतरले, तर रस्त्याच्या कामावरच्या बाया तेच म्हणत होत्या, आणि शेवटी 'लिंबाजी म्हणे'. मी म्हटलं, बायांनो, हे सोजरनं केलंय, माझ्या आईनं. त्या हसल्या. एक म्हणाली, ताई, आमी कॅसेट ऐकलीय. पुढं प्रबंध लिहिताना मी कवयित्री म्हणून मायचं नाव घातलं तेव्हा माझ्या मार्गदर्शकांनीही हेच विचारलं, जरा शुद्ध भाषेत: पुरावा काय? ध्वनिमुद्रणात तर लिंबाजी आहे. वाद घालून घालून जीभ झिजली, शेवटी 'तोंडी माहितीनुसार' असं लिहायला त्यांनी परवानगी दिली. त्या प्रबंधावर मला नोकरी लागली.

अण्णांचं नाव झालं. लांबलांबून बोलावणी यायला लागली, लोक शाहीर म्हणायला लागले. आणि अण्णा, हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगते, कार्यक्रमात दर वेळी शेवटच्या कडव्यात 'सोजर म्हणे' गायला लागले. आता जीभ अजिबात चुकत नव्हती. गाण्याआधी सांगायचेसुद्धा, की हे गाणं माझ्या मंडळींनी केलंय. लोकांना वाटायचं, काय दिलदार माणूस, बायकोला मान देतोय. टाळ्या पडायच्या. मग गाणं सुरू झालं की लोक कॅसेटमधलंच म्हणायचे.

सास्तूरच्या जयंतीला माय पहिल्यांदाच आमच्याबरोबर आली. मिरवणूक आटोपली होती आणि कार्यक्रम उन्हं असतानाच ठेवला होता. शाळेपुढच्या मैदानात मांडव, निळे झेंडे, माणसांना बसायला जागा उरली नव्हती. माय बायकांच्या बाजूला पुढंच बसली. तलावाच्या गाण्याची फर्माईश झाली, आणि मी सुरुवात केली मात्र, सगळा मांडव माझ्याबरोबर गायला लागला. म्हातारे, पोरंसोरं, लुगड्याच्या पदरानं वारा घेणाऱ्या बाया, सगळ्यांना शब्द न् शब्द पाठ. मायच्या शेजारची बाई तिला कोपरानं ढोसून म्हण म्हण म्हणत होती. शेवटचं कडवं आलं. अण्णा माईकवर झुकले आणि मायकडं बघत जीव तोडून म्हणाले, "सोजर म्हणे..."

आणि त्याच क्षणी अख्ख्या मांडवानं म्हटलं, "लिंबाजी म्हणे."

दोन नावं एकमेकांवर आदळली आणि मायचं नाव कुणाला ऐकूच आलं नाही; ज्यांना आलं ते हसायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, शाहीर, चुकलं तुमचं. दुसरा म्हणाला, म्हातारं सोताचं नाव इसरलं. मांडवात हशा पिकला, चांगला प्रेमाचा हशा. अण्णांची बोटं पेटीवर तशीच राहिली. मला वाटलं, आता ते सांगतील. त्यांनी तोंड उघडलंही. मग लोकांकडं बघितलं, दमून गेलेल्या माणसासारखा श्वास सोडला, आणि तेही लोकांबरोबर हसले. ढोलकीवाल्यानं पुढचं गाणं धरलं. त्या गलबल्यात मला मायचे ओठ हललेले दिसले, दोनच शब्द. शेजारच्या बाईनं चमकून तिच्याकडं बघितलं आणि परत टाळ्या वाजवायला लागली.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. बैलगाडीत पुढं अण्णा, मांडीवर पेटी. मागं मी आणि माय पाय सोडून बसलेलो. कोरडी शेतं मागं सरकत होती. शेवटी मीच विचारलं, माय, तू मघाशी काय म्हणालीस?

"चुकलं न्हाय, म्हनलं."

मला राग आला, तिचाच आला. मी म्हटलं, अगं मग एवढं हळू का म्हणालीस, मोठ्यानं म्हणायचं होतंस, सगळ्या मांडवाला कळलं असतं. अण्णांची पाठ जरा ताठ झाली, पण त्यांनी वळून बघितलं नाही. मायनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली.

"माईक तुमच्याकडं व्हता," ती म्हणाली.